घडीवर विरलेलं अंतर

नागपूर आणि चिलीतलं सान्तियागो यांच्यामध्ये अख्खी पृथ्वी आडवी पडलेली. तरी हेमांगी काळमेघ दर शनिवारी सान्तियागोहून नागपूरला आईकडे जेवायला जायची. घडीमार्ग होता ना! अवकाशाला कापडासारखी घडी घालायची, दोन शहरं एकमेकांना टेकवायची आणि मधला चिमूटभर प्रवास विमानानं उरकायचा. खुर्चीचा पट्टा बांधला की सोडायची वेळ. म्हणून तर तिनं इतक्या लांबची नोकरी धरली. नातेवाईक नावं ठेवत, तेव्हा ती म्हणे, तुमच्या वर्ध्यापेक्षा माझं सान्तियागो जवळ आहे.

यंदा मात्र प्रवास लांबू लागला. आधी तासभर, मग अख्खी रात्र, आणि एके दिवशी घडीमार्ग बंदच झाला. नेमकी त्याच सुमारास आई खंगत चालली होती. बाकी कुणी कितीही मिनतवाऱ्या केल्या तरी ती घास घेईना; लेकीच्या हातून तेवढी जेवायची. हेमांगीनं जुन्या, साध्या विमानाचं तिकीट काढलं. तेही इंधन पुरेना म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलं. ती तडक सान्तियागोतच राहणाऱ्या डॉ. रत्नपारखींकडे गेली. घडीमार्गाचं गणित त्यांनीच मांडलं होतं.

"रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"घडीवर विरते. आई दर दिवाळीला घडी बदलते."

"आम्ही बदलली नाही."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अवकाश फाटत नाही, घडीच्या रेषेवर ताणलं जातं. दोन शहरांमधलं अंतर खरोखरच वाढतं आहे. ही रेषा पृथ्वीला वेढून आहे, त्यामुळे कुठूनही वळसा घातला तरी ती ओलांडावीच लागते. माणसाला, विमानाला, फोनवरच्या आवाजालासुद्धा. आणि ताण आता इतक्या वेगानं वाढतो आहे की इकडून आज निघालेला शब्द तिकडे कधीच पोचणार नाही. तिकडून आधी निघालेले शब्द तेवढे उशिरानं येत राहतील.

"पण ती विरली कशानं?"

डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "जाण्यायेण्यानं. वर्षातून एकदा जाणाऱ्यांनी फारसं काही बिघडवलं नाही. तुम्ही दर आठवड्याला जायचात ना?"

मायेपोटी मारलेल्या प्रत्येक फेरीनं हेमांगीनंच आईला दूर लोटलं होतं. तिला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

घरी येऊन तिनं फोन सुरू ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यात खरखर झाली आणि आईचा थकलेला आवाज आला.

"हेमा, शनिवार आहे ना आज? शेजारची बाई वाटी घेऊन आली होती. म्या परत धाडली तिले. तू आली की जेवतो."

आई कुठल्या शनिवारी हे बोलली होती, कोण जाणे.

"आई, जेवून घे गं," हेमांगी म्हणाली. उपयोग नाही हे ठाऊक असूनही पुन्हा म्हणाली. पलीकडून आईचा श्वास तेवढा ऐकू येत होता. ती लेकीची वाट पाहत होती.