हेमांगीताई अशा लिहीत नाहीत

त्या काळी चेहऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नसे. आवाजावरही नाही, दोन्ही कुणीही घरबसल्या बनवू शकत होतं. म्हणून कृत्रिम स्वादुपिंडाचं, म्हणजे साखर मोजून आपोआप इन्सुलिन सोडणाऱ्या पंपाचं, गणित सांभाळणाऱ्या ऑनलाइन मंडळानं माणूस ओळखायची वेगळी रीत काढली होती: लेखनठसा. बोटाच्या ठशासारखाच, पण लिहिण्याच्या ढबीचा. जुनी उत्तरं धुंडाळून मगच प्रश्न विचारणारा, आभार मानणारा, उपाय लागू पडला की परत येऊन तसं कळवणारा माणूस वर्षानुवर्षं तसाच लिहितो. त्या ठशावर त्याचा विश्वासांक वाढत जाई. तो शंभरापैकी पंचाण्णव झाला, की त्यानं केलेला बदल कुणीही न तपासता हजारो मधुमेही लोकांच्या कमरेवरच्या पंपांत उतरे.

मिरजेच्या हेमांगी मगदूमचा अंक होता अठ्ठ्याण्णव. खरं तर बाई भलतीच फटकळ. मंडळाला तिनं विचारलेला पहिला प्रश्न होता, "हा मूर्खपणा कुणी केलाय?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही. मग तिनं मृदुलेखक घेतला. हा प्रोग्रॅम तुमचं खडबडीत वाक्य घेई आणि सभ्य करून पाठवी. सुरुवातीला ती पाठवण्याआधी वाचायची. पुढे तेवढाही वेळ काढेना; मग मंडळातल्या पत्रांना उत्तरंही तोच परस्पर देऊ लागला. याला पाच वर्षं झाली होती.

त्या सकाळी रत्नाआत्या न्हाणीतून बाहेर आली ती घामानं डबडबलेली, हात थरथरत. तिच्या कमरेच्या पंपावर साखर दिसत होती एकोणपन्नास, सत्तरच्याही बरीच खाली. हेमांगीनं तिला साखरपाणी पाजलं आणि काल आपणच पंपांच्या गणितात केलेला बदल उघडला. तापमानाच्या हिशेबात अधिकच्या जागी वजा पडलं होतं.

"म्हणजे काय झालं गं?" जिवात जीव आल्यावर आत्यानं विचारलं.

"कढत पाण्यानं अंग तापलं की पंपाला वाटतं साखर वाढली. मग तो इन्सुलिन सोडतो. होती ती साखरही उतरते."

"कुणी केलं असलं?"

"मी."

"किती जणांच्या पंपात?"

"चाळीस हजार."

"अगं मग कळव की त्यास्नी! न्हायची वेळ आहे सगळ्यांची!"

हेमांगीनं घाईघाईनं स्वतः लिहिलं: "कालचा बदल मागे घ्या. आत्ता. चूक माझी आहे. माणसं मरतील." ठसा जुळला नाही. खाली वसईच्या फ्रान्सिस डाबरेंचं उत्तर आलं: "हेमांगीताई अशा लिहीत नाहीत. कृपया त्यांचं नाव वापरू नका."

तिचे कान तापले. तिनं तीच वाक्यं मृदुलेखकाला दिली आणि पुढे जोडलं: "पाच वर्षं मी लिहीतच नाही. यंत्र लिहितं. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

मंडळात गेलं ते असं: "मित्रहो, माझ्या चुकीमुळे आज आपल्या माणसांच्या जिवाला धोका आहे. कालचा बदल कृपया तातडीनं मागे घ्यावा. मी मनापासून क्षमा मागते. ज्या शब्दांमुळे तुम्ही मला मान दिलात, ते माझे एकटीचे कधीच नव्हते. यापुढे माझंही काम तपासल्याशिवाय घेऊ नका."

ठसा जुळला. चार मिनिटांत बदल मागे घेतला गेला. "ताई, चूक कबूल करावी तर अशी," फ्रान्सिसनी लिहिलं. "माझा मुलगा गेला तेव्हाही तुमच्याच पत्रानं मला सावरलं होतं." अंक नव्व्याण्णव झाला.

त्यांचा मुलगा गेल्याचं हेमांगीला माहीतही नव्हतं. लाजेनं तिला मान वर करवेना.

"वाचली न्हवं माणसं?" आत्यानं विचारलं.

"हो."

"आणि मला? मला काय म्हणणार आहेस?"

हेमांगीनं तोंड उघडलं. क्षमेचं काहीतरी बोलायचं, एवढं तिला कळत होतं.

"इतकं कढत पाणी घ्यायला तुला सांगितलं कुणी होतं?" ती म्हणाली, आणि तिनं जीभ चावली.

हेमांगीनं मुकाट्यानं फोन तिच्यापुढे सरकवला. आत्यानं चष्मा लावून ती माफी वाचली, पुन्हा वाचली, आणि पदरानं डोळे टिपले.

"चांगली आहे गं ही," आत्या म्हणाली. "हिला एकदा घरी घेऊन ये."