गाडीतलं खारं पाणी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच थांबावं, आपलं काही म्हणणं नाही.

आणि एक आधीच सांगतो. यात काळोखी रात्र नाही, पिंपळ नाही, पांढरी साडी तर नाहीच नाही. जे झालं ते २५ फेब्रुवारी १९९० ला, रविवारी, भर दुपारी बाराच्या सुमाराला, माजिवड्याच्या एका गॅरेजात झालं.

उन्हात.

जनी ठाण्याच्या कोपरीतली, कोळ्याघरची सून. नवरा भिवाजी कावीळ होऊन गेला. मागे राहिली म्हातारी सासू दगडाबाई, आणि भिवाजीची एक जुनी पांढरी गाडी. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आता ही गाडी विकणार आणि मासळीची टोपली घेऊन बाजारात बसणार.

जनीने काय केलं? गाडी शिकली. चाळिसाव्या वर्षी, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून. अख्खी कोपरी खो खो हसली. वर्षभरात त्याच कोपरीतली सात पोरं ती दुपारच्या शाळेत नेऊन सोडायला लागली. मग मात्र कुणाचं हसू ऐकू आलं नाही.

असं सगळं रांगेला लागलेलं असताना...

त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी मागच्या सीटवरून एक पोरगी ओरडली.

"काकू, माझे मोजे भिजले!"

जनीने वळून पाहिलं. गाडीच्या तळाशी पाणी होतं. बोटभर.

फेब्रुवारीत कुठला आलाय पाऊस? गाडी धुतलेली नव्हती. काचा बंद होत्या. जनीने फडक्याने पाणी टिपलं आणि विषय सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पाणी परत आलं.

या वेळी तळाशी चिखलही होता. काळा, बुळबुळीत...

माजिवड्याला दौलत मिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस साताऱ्याकडचा, कामाला वाघ. त्याने गाडी ठेवून घेतली. काचांची रबरं बदलली, रेडिएटर तपासला, तळाचा पत्रा खरवडून वेल्डिंग मारलं. मग टपावर नळी सोडून तासभर पाणी ओतलं. आत एक थेंब गेला नाही.

"वैनी, गाडी डब्यासारखी बंद केलीय," दौलत म्हणाला. "आता पाणी आलं तर मी मिशी काढून देतो."

बुधवारी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने दार उघडलं. पाणी भळकन त्याच्या पायावर सांडलं.

मिशीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

गुरुवारी सरस्वती दारात येऊन उभी राहिली. तिची मुलगी त्या सातांतली.

"जनी, राग मानू नको. पोरीला सर्दी झालीय. सोमवारपर्यंत गाडी सुकली नाय तर मी तिला रिक्षात घालनार. बाकीच्या बायापन तेच बोलतान."

एक गेली की सातही जाणार, हे जनीला कळत होतं. आणि पोरं गेली की गाडी गेली.

धाकटा दीर परशुराम तर टपूनच बसलेला. "वयनी, गारी इकून टाक. लागीर हाय तिला." असं म्हणून तो गॅरेजात जाऊन काचेपुढे लिंबू-मिरची टांगून आला.

जनीने ते लिंबू सोडलं आणि रात्री बोंबलाच्या कालवणात पिळलं. परशुरामलाच वाढलं.

पण झोप काही लागेना. दौलतने सांगितलेल्या वेळांची तिने मनातल्या मनात उजळणी केली. बुधवारी पाणी आलं सव्वानऊला. गुरुवारी दहाला. म्हणजे रोज पाऊण तास उशिरा... आणि रोज कालच्यापेक्षा जास्त.

शुक्रवारी ती सकाळीच गॅरेजात जाऊन बसली. पावणेअकरा झाले. तळाशी पाणी चढलं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारं.

कोळ्याच्या पोरीला हे कुणी समजावून सांगायला लागत नाही. ती भरतीची वेळ होती. खाडीला भरती आली की गाडीत पाणी चढत होतं, आणि ओहोटी लागली की आपोआप उतरत होतं. मागे चिखल ठेवून. खाडी कुठे, हे गॅरेज कुठे!

"दौलत," ती म्हणाली, "परवा अवस हाय. मोठं उधान. बाराच्या पुढं पानी भरंल. मी आत बसून बगनार, येतंय कुठून ते."

"वैनी, नका. माझं ऐका, भंगारात द्या."

"तुझी गारी हाय काय?"

दौलत ओंडके शोधायला लागला.

रविवारी गॅरेज बंद होतं. दौलतने गाडी चार लाकडी ओंडक्यांवर चढवून ठेवली होती. खालची फरशी ठणठणीत कोरडी. जनी ड्रायव्हरच्या जागी बसली. काचा वर केल्या. हातात बॅटरी. दौलत बाहेर चार हातांवर उभा, तोंडाने रामनाम.

साडेअकरा... काही नाही.

पावणेबारा... काही नाही.

मग बाहेरचे आवाज थांबले.

हायवेचे ट्रक, कावळे, दौलतचं पुटपुटणं, सगळंच. दौलतचे ओठ हलताना दिसत होते. पण आवाज नव्हता.

टप्...

जनीने बॅटरी मारली. तळाचा पत्रा कोरडा. दाराचं रबर कोरडं. वर छत कोरडं.

टप्... टप्...

पाणी शेजारच्या सीटवरून गळत होतं. सीटच्या कडेवरून, खाली. ओल्या कपड्यांनी कुणी येऊन बसलं की गळतं तसं.

आणि सीट दबलेली होती.

 जनीचा हात दाराकडे गेलाही होता. पण तिने तो मागे घेतला.

डावीकडची काच आतून धुरकटली. फक्त डावीकडची. धुरकट व्हायची... निवळायची... पुन्हा धुरकट व्हायची.

श्वास.

पाणी घोट्यापर्यंत आलं. मग पोटरीपर्यंत. बर्फासारखं गार. चिखलाचा वास नाकात भरला. भिवाजी अंथरुणात गेला होता, पाण्यात नाही. पण त्याची राख सोडली होती खाडीत, आणि ती सोडली होती जनीच्याच डोळ्यांदेखत.

"भिवा," ती म्हणाली, "तू हायस काय?"

टप्...

पाणी गुडघ्याला लागलं. आणि कुठून कोण जाणे, भीतीच्या जागी जनीला संताप आला. असा संताप की आवाज चढला.

"तू असशील, नायतर दुसरा कोन असशील! ही गारी मी घाम गालून चालवलीय. हिथं पोरं बसतान. त्यांचं पाय भिजतान. मी नाय उतरनार. तू उतर. चल, उतर खाली!"

टप् थांबलं.

काच निवळली.

डाव्या दाराच्या लॉकचा खुंटा वर आला. आपोआप. टक्.

दार उघडलं.

गुडघाभर पाणी धो धो करत फरशीवर ओतलं. दौलत नंतर देवाशपथ सांगायचा, दाराला कुणी हात लावला नाही. पण ओंडक्यांवरची गाडी डावीकडून जराशी वर आली. माणूस उतरला की येते, तेवढीच.

मग ट्रकचा हॉर्न ऐकू आला. कावळे ऐकू आले.

सीट सरळ झालेली होती. आणि कोरडी.

सोमवारी सातही पोरं गाडीत बसली. सरस्वतीची पोरगी सर्वांत आधी. गाडी पुढे बारा वर्षं चालली, चार पावसाळी पुरांतून गेली. आत एक थेंब आला नाही. परशुराम विकायचं नाव काढायचा तेव्हा जनी फक्त त्याच्याकडे बघायची.

लोक विचारायचे, भीती नाही वाटली? जनी म्हणायची, कसली भीती? उतर म्हटलं, उतरला.

हे तिचं पन्नास जणांना सांगून झालं होतं. एकदा मात्र दुपारी सासूच्या डोक्याला तेल लावताना ती बोलता बोलता थांबली.

"आये, परका असता तर भांडला असता. हटून बसला असता. येका शब्दात माझं ऐकनारा... आख्ख्या जल्मात मना येकच मानूस भेटलेला."

दगडाबाईने मान वर केली.

मग तिने हळूच विचारलं, "मग त्याला उतरवलास कशाला गो?"

जनीचे हात थांबले.

"पोरांचं पाय भिजत व्हतं, आये," ती म्हणाली, आणि पुन्हा तेल चोळायला लागली. पण त्या रात्री दोघींपैकी कुणीच जेवलं नाही.