आखडण्याच्या आधी

"ही रेघ शर्यत सुटायच्या बंदुकीच्या आवाजाची आणि ही पायाची," प्रयोगशाळेतल्या पडद्यावर बोट ठेवत डॉ. नफीसा बागवान म्हणाल्या. "बघा, आवाज व्हायच्या आधीच पाय आखडलाय."

मैथिली गावंडेला हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा होता? सेरेब्रल पाल्सी तिला जन्मापासूनची. डावा हात कोपरात मुडपलेला, डावी टाच जमिनीला टेकायला राजी नाही. तरीही शंभर मीटरमध्ये ती आपल्या गटाची तीनदा जगज्जेती झाली होती. पण अशा शरीराचे स्नायू तिशीच्या आधीच म्हातारे होतात. गेल्या मोसमात तर ती सुरुवातीच्या ठोकळ्यांवरच कोसळली होती. मालीश, इंजेक्शनं, शस्त्रक्रिया, सगळं करून झालं होतं.

"डॉक्टर, मला अजून एकदा पळायचंय," ती म्हणाली. "नंतर खुशाल चाकाच्या खुर्चीत बसवा." बोलता बोलता तिचा हात आणखी मुडपला. शेजारी बसलेल्या ठोसर सरांना ते बघवेना. अमरावतीच्या मैदानावर ती लहान असल्यापासून त्यांनीच तिला शिकवलं होतं.

बागवानबाईंचा 'ताणहर' म्हणजे मेंदूवर बसवायची वाटाण्याएवढी चकती. मेंदूतून आखडण्याचा संदेश निघाला, की ती उलटा संदेश सोडून तो मिटवायची. शिवाय ती अनुभवातून शिकायची. चकती बसली आणि मैथिली पुन्हा पळू लागली. फक्त शर्यत सुटताना चकती पापणी लवण्याइतका उशीर करायची, आणि या खेळात तेवढ्यात पदक जातं.

"मग चकतीला तो संदेश आणखी आधी पकडू द्या ना," ठोसर म्हणाले.

"मी तिला स्नायूंच्या संदेशापाशी बांधून ठेवलंय, सर. मोकळी सोडली तर ती आखडण्याचं मूळ शोधत मागं मागं जाईल. मूळ कुठं निघेल, ते मलाही ठाऊक नाही."

"अहो, मुळातच तर दुखणं आहे! पोरीपाशी वेळ नाही उरला, मॅडम. पाया पडतो तुमच्या."

मैथिलीनंही उजव्या हातानं डावा ओढून नमस्कार केला. शेवटी बाईंनी चकती मोकळी सोडली.

पुढचे दिवस सोन्याचे गेले. डावी टाच टेकू लागली, हात सरळ झाला, शंभर मीटरची वेळ रोज घटत गेली. आणखी एक बदल झाला. पूर्वी ही पोर अंधार पडला तरी मैदान सोडायची नाही. "सर, एकच शेवटची," म्हणून भांडायची, सरांनी ठोकळे उचलून नेले की रडायची. आता ती सांगितल्या वेळी बूट काढून निमूट घरी जायची. शहाणी झाली पोर, असं म्हणून ठोसर खूश. एवढा अनुभवी माणूस, पण तिथंच चुकला.

जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतीत ती सगळ्यांच्या पुढे निघाली. अशी सुरुवात तिनं जन्मात केली नव्हती. ठोसर कठड्यावर चढून ओरडत होते. रेषा हाकेच्या अंतरावर आली, मागं कुणी जवळपासही नव्हतं, आणि मैथिली थांबली. पडली नाही, लंगडली नाही. आपल्या पट्ट्यात उभी राहून शेजारून जाणाऱ्या मुलींकडे ती बघत राहिली.

"थांबली काहून तू?" वैद्यकीय कक्षात ठोसरांचा आवाज फाटला. "काहून थांबली, बाई?"

"रेषा दिसत होती, सर. पलीकडे कशाला जायचं, तेवढं कळेना."

बागवानबाईंनी चकतीतली नोंद पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "चकतीला मूळ सापडलं, सर. पाय आखडतो, कारण हिला जिवाच्या आकांतानं पळायचं असतं. ते वाटणंच ती उगवता उगवता मिटवते. भूक लागली, झोप आली, तर स्नायू आखडत नाहीत, त्यामुळं ते शाबूत आहे. जिच्यात हिचा जीव होता, तेवढीच इच्छा गेली."

"बंद करा ते! आत्ता!"

"ही सज्ञान आहे, शुद्धीत आहे. हिच्या होकाराशिवाय मला हात लावता येत नाही."

ठोसर मैथिलीसमोर गुडघ्यांवर बसले. "हो म्हण, पोरी. चकती काढू. पुन्हा पडशील, दुखेल, मला माहीत आहे. पण तू पळशील. ती तुझी पहिली शर्यत, पडलीस तरी रांगत गेलीस रेषेपर्यंत, आणि मला म्हणालीस, सर, अजून एकदा..."

मैथिलीचे डोळे हलले. डाव्या हाताचं एक बोट आत वळलं, मग दुसरं. मनगट मुडपू लागलं, टाच जमिनीवरून सुटली. जो हात उघडावा म्हणून ठोसरांनी इतकी वर्षं देव पाण्यात ठेवले, त्याच हाताकडे बघत ते पुटपुटू लागले, "आखड, बाई. आखड."

तिचे ओठ विलगले. ती काहीतरी म्हणणार होती.

मग बोटं एकेक करून उघडली. तळवा मांडीवर सपाट, सुंदर पडून राहिला.

"राहू दे ना, सर," ती म्हणाली. "आता काहीच दुखत नाही. तुम्ही का रडताय?"