नुसत्या आवाजाचं रिव्हॉल्व्हर

जर्मनीत, हायडेलबर्गच्या त्या दुकानात मासे धरायचे गळ, शिकारीचे सुरे आणि रिव्हॉल्व्हरं एकाच काचेखाली मांडली होती. चारुलताबाईंनी चष्मा पुसला आणि त्यातल्या सगळ्यांत लहान रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं.

"आई, माझ्या मित्रांच्या आया इथे येऊन स्वेटर विणतात," हृषिकेश पुटपुटला.

"त्यांच्या घरात कुणी बसून जात नसेल."

त्याला वाटत होतं, भुरटा चोर असावा.

ते फुटबॉल वर्ल्ड कपचं वर्ष. ते राहत त्या जवळच्या वाल्डॉर्फ गावच्या बाल्कन्यांत अजून एखाददुसरा विटका झेंडा लोंबत होता. मुलाकडे राहायला आल्या तरी बाईंनी एक रीत सोडली नव्हती. दिवेलागणीला निरांजन लावायचं आणि लक्ष्मी यावी म्हणून फ्लॅटचं दार घटकाभर सताड उघडं ठेवायचं. जिना गार पडतो म्हणून खालच्या फ्राउ लेहमान कुरकुरायच्या. बाई हसून मान डोलवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दार उघडायच्या.

थंडी सुरू झाली, तसं त्या दारातून दुसरंच कुणी येऊ लागलं. पावलं वाजत नसत. खिडकीजवळची खुर्ची तेवढी ओढलेली दिसे. बसायची जागा कोमट लागे. घरात ओल्या लोकरीचा वास रेंगाळे. हृषिकेश आणि सून सुकन्या कचेरीतून उशिरा येत. तोवर घरात आजी आणि सहा वर्षांची मैत्रेयी, दोघीच. गेल्या आठवड्यात ती खुर्ची मैत्रेयीच्या खोलीच्या दाराशी सापडली. त्या दिवशी बाईंनी रिव्हॉल्व्हरचा हट्ट धरला.

दुकानदाराने पहिलं दिलं, त्याचा चाप त्यांच्या सांधे धरलेल्या बोटाला ओढवेना. दुसरं देखणं होतं, पण किंमत ऐकून हृषिकेशनेच ते परत सरकवलं. तिसरं स्वस्त, काळं, आखूड नळीचं. मुठीत नीट बसलं. आलापल्लीच्या जंगलात वडील रेंजर होते, तेव्हा जेवताना त्यांचं रिव्हॉल्व्हर पाटाशेजारी असे. हात लावला म्हणून एकदा लहानग्या चारूला चापट बसली होती. तो गारवा तळहाताने इतक्या वर्षांनी ओळखला.

"यातून गोळी सुटत नाही हं, आई. नुसता बार होतो. घरात ठेवायला परवाना नको, बाहेर न्यायचं तर हवा."

हृषिकेशने जर्मनमध्ये खात्री करून घेतली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं दुकानदार म्हणाला.

"बार पुरे. घाबरून पळालं म्हणजे झालं."

सोमवारी दिवेलागणीला त्यांनी निरांजन लावलं, पण दार उघडलं नाही. जन्मात पहिल्यांदाच. कडी घालून, मांडीवर रिव्हॉल्व्हर घेऊन त्या दारासमोर बसल्या. जिवाला चैन नव्हती. आत मैत्रेयी चित्रं काढत होती.

दारावर टकटक झाली.

त्यांनी दाराच्या भिंगातून पाहिलं. जिना रिकामा.

पुन्हा टकटक. त्यांनी दारावर हात टेकला. हादरा थेट त्यांच्या बोटांशेजारी बसला. दाराच्या आतल्या बाजूला.

म्हणजे आज ते आलंच नव्हतं. कालपासून गेलंच नव्हतं.

ओल्या लोकरीचा वास अंगावरून गेला आणि मैत्रेयीच्या खोलीकडे सरकला.

"मैत्रेयी, बाहेर ये! इकडे माझ्याकडे ये!"

"वारूम? का, आजी?"

बाईंनी नळी छताकडे केली आणि चाप ओढला.

भिंती दणाणल्या. धूर डोळ्यांत गेला. निरांजन विझलं. चाचपडत त्यांनी कडी काढली, दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या. जिन्यातली गार हवा आत आली.

बाहेर कुणी गेल्याचं जाणवलं नाही.

मैत्रेयी खोलीच्या दारात उभी होती. दोन्ही हातांत खडू. रडत नव्हती.

"घाबरलीस, सोन्या? केवढा आवाज झाला!"

ती आजीच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. मग जर्मनमध्ये म्हणाली, "आजी, मोठ्याने बोल ना. मला काहीच ऐकू येत नाहीये."

दोन्ही कानांवरचे तिचे मोकळे केस कुणी तळवे दाबून धरावेत तसे चपटे झाले होते, आणि अजून सुटले नव्हते.