चाबेला कुणाची?

"हात लावू नकोस त्या अंड्यांना!"

एर्मेलिंदाबाईंचा आवाज स्वयंपाकघरात असा कडाडला, की नेलीदाचा पुढे झालेला हात टोपलीपासून वीतभर अंतरावरच थिजला. टोपलीत बारा अंडी होती, शेजारी पिठाची पिशवी. आज दारिओ, तिचा धाकटा भाऊ, संगणकशास्त्राच्या पदवीची शेवटची तोंडी परीक्षा देऊन बाहेर पडणार होता, आणि दारातच आपल्या माणसांनी त्याला अंड्या-पिठानं न्हाऊ घालायचं होतं. त्यांच्या तुकुमान शहरात पदवीधर कोरडा घरी गेला, तर त्याला जगात कुणीच नाही असं लोक म्हणतात!

"नुसती टोपली उचलत होते गं आई..."

"उचल. पण फेकायचं नाही, एकसुद्धा! चोरट्या हाताची सावली नको माझ्या लेकरावर आजच्या दिवशी."

फाउस्तोमामा 'माते' या कडू चहाचा घोट घेता घेता हसले. "बरोबर आहे ताई तुझं. हमालानं ओझं वाहायचं, वरातीत नाचायचं नाही!"

नेलीदानं टोपली आणि पिठाची पिशवी उचलली. भिंतीवरच्या मारिया माउलीकडे एकदा पाहिलं, आणि त्यांच्यामागून चालू लागली.

चोरटी! नऊ वर्षं हा शब्द तिनं रोजच्या पावाबरोबर गिळला होता. ती दारिओपेक्षा सहा वर्षांनी मोठी. घर सावरताना शिक्षण मागे राहिलं, म्हणून अखेर दोघांनी विद्यापीठात बरोबरच नाव घातलं होतं. आणि पहिल्याच वर्षी दोघांचे प्रोग्रॅम ओळीला ओळ सारखे निघाले. इतके सारखे, की चूकसुद्धा एकाच ओळीत! समितीनं विचारलं, नक्कल कुणी केली? करणाऱ्याला विद्यापीठाचं दार कायमचं बंद होणार होतं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. 'माझा दारिओ पदवीधर झाला की मी सुखानं डोळे मिटीन,' हाच त्यांचा जप. दारिओचे ओठ थरथरू लागले... आणि नेलीदा उठून उभी राहिली.

"मी केली."

बस्स, दोन शब्द! पण त्या दोन शब्दांत तिचं सारं भविष्य भस्म झालं.

तेव्हापासून ती लिंबाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी होती. चांगलं लिंबू उजवीकडे, डागी डावीकडे. दारिओनं पदवीसाठी प्रकल्प केला तोही हाच: कॅमेऱ्यातून पाहून लिंबं निवडणारा प्रोग्रॅम. त्या प्रोग्रॅमला शिकवायला हजारो फोटो लागले, आणि प्रत्येक फोटोपुढे 'चांगलं', 'डागी' हे कुणी लिहून दिलं? नेलीदानंच! येत्या हंगामात ते यंत्र कारखान्यात बसणार होतं; पहिलं घरी कोण बसणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी लिहून दिलं. मेणबत्ती कधी विचारते का हो, उजेड कुणाच्या तोंडावर पडला म्हणून?

परीक्षेच्या खोलीत घरच्यांना मागच्या बाकावर बसू देत. दारिओ छान बोलला. परीक्षकांनी माना डोलावल्या. एर्मेलिंदाबाईंचे डोळे भरून आले. आणि मग प्राध्यापिका इतुर्बे, पिकल्या केसांच्या, यंदा निवृत्त होणाऱ्या, चष्मा काढून म्हणाल्या,

"एक शेवटची शंका. लिंबं मोजणाऱ्या आकड्याला तू 'चाबेला' असं नाव दिलंयस. दर ठिकाणी तेच."

"सवय आहे, मॅडम."

"नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दोन प्रोग्रॅममध्येही मोजणीचं नाव चाबेलाच होतं. तेव्हा समितीत मी होते. कोण रे ही चाबेला?"

दारिओचा चेहरा पांढराफटक पडला. "कोंबडी होती... आमच्या घरी."

खोलीत हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत.

"कुणाची?"

"माझी," दारिओ म्हणाला.

एर्मेलिंदाबाईंना लख्ख आठवलं. ठिपक्याठिपक्यांची ती लंगडी कोंबडी! सहा वर्षांची नेलीदा तिला झग्याच्या घोळात घेऊन फिरायची, तिची अंडी बोटांवर मोजायची. आणि दारिओच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, पाहुण्यांच्या रश्शासाठी, त्यांनी स्वतःच्या हातानं ती कापली होती. चिमुरडी ढसाढसा रडली, तेव्हा त्यांनीच दटावलं होतं, "भावासाठी एवढंही नाही देववत?"

दारिओनं ती कोंबडी पाहिलीच कुठे होती!

"आईंनीच सांगावं," इतुर्बेबाई शांतपणे म्हणाल्या. "मूळ प्रोग्रॅम कुणाचा होता, हे मला आज तरी कळू दे. निकालावर सही अजून झालेली नाही."

एर्मेलिंदाबाई उठल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं... नेलीदा डोळ्यांनीच विनवत होती. नको आई! नको! आणि समोर दारिओ आपल्या बुटांकडे बघत उभा होता. नऊ वर्षांपूर्वी उभा होता, अगदी तसाच!

"चाबेला त्याचीच होती बाई," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. "तिच्याशिवाय घास उतरायचा नाही त्याला."

नेलीदानं डोळे मिटले. सुटलो एकदाचे! असं मन म्हणालं, आणि त्याच क्षणी आत खोलवर काहीतरी कायमचं विझलं. नऊ वर्षं आईला ठाऊक नव्हतं, एवढाच तिचा आधार होता. आता सगळं जाणूनही आई दारिओसाठीच खोटं बोलली होती; तोही आधार गेला.

इतुर्बेबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सही केली.

बाहेर पायऱ्यांखाली उन्हात मित्रमंडळींचा गलका उसळला होता. "बाहेर ये रे, लिंबूवाल्या!" दारिओ दारात आला, पांढऱ्या शर्टात, हसण्याचा प्रयत्न करत, आणि रीतीप्रमाणे त्यानं मान झुकवली.

"चल ताई!" फाउस्तोमामा ओरडले. "पहिलं अंडं आईचं!"

एर्मेलिंदाबाईंनी नेलीदाच्या हातातल्या टोपलीतून अंडं उचललं, आणि नेलीदाच्याच डोक्यावर फोडलं.

मग खसखस पिकली. "अगं ताई, ऊन लागलं का तुला? पदवी त्याला मिळाली, तिला नाही!"

"नाही चुकले मी."

दुसरं अंडं फोडलं. तिसरं. बाराही अंडी, एकेक करून. मग बाप्तिस्म्याचं पाणी घालावं तसं ओंजळ ओंजळ पीठ त्या लेकीच्या माथ्यावर सोडत राहिल्या, आणि तिचा चिकट, पांढरा चेहरा दोन्ही हातांत धरून, तिला एकटीलाच ऐकू जाईल असं हुंदक्यांतून म्हणाल्या,

"तुझी चाबेला आज मी दुसऱ्यांदा कापली गं, बाळे!"

पिठातून अश्रूंच्या दोन वाटा निघाल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा आईनं तिला 'बाळे' म्हटलं होतं. नेलीदानं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"हळू बोल आई," ती पुटपुटली. "इतुर्बेबाई अजून दारातच उभ्या आहेत."

वरच्या पायरीवर दारिओ तसाच उभा होता, मान झुकवून, वाट बघत. टोपली रिकामी झाली होती, आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर एक डागसुद्धा नव्हता.