डावीकडचा श्वास

"ए, हलू नकोस!"

काळोखातून आवाज आला आणि उत्कर्षाच्या हातातली वही धपकन पडली. श्यामलाताईंचं स्पीकरचं दुकान दुपारी बंद. आतल्या ऐकायच्या खोलीत कोण असणार? आणि इथे लॅपटॉपच्या निळ्या उजेडात नुसता एक चेहरा तरंगत होता... धडाशिवाय!

"घालवलंस ना आवाजाचं माप?"

"आधी सांग, तू माणूस आहेस ना?"

"इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. जवळपास माणूसच."

हा लातूरचा उत्तरेश्वर. ताईंच्या वेबसाइटवर प्रत्येक स्पीकरचे दोन रिव्ह्यू येणार होते – उत्कर्षाचे कान आणि त्याचे आकडे. जुळले नाहीत, तर कानांचा रकाना बंद, असं ताईंनी बजावलं होतं. आणि 'तुला काय ऐकू आलं?' असं उत्कर्षाला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं!

तो मागे लॅपटॉपपाशी, ती पुढच्या खुर्चीत. गाणं संपलं आणि डाव्या स्पीकरमधून... कुणीतरी श्वास सोडला. सावकाश.

"आत कुणीतरी आहे," ती कुजबुजली. तिच्या अंगावर काटा आला. हे स्पीकर हातानं घडवणारे वैजनाथकाका गेल्या दिवाळीत वारले. ही त्यांची शेवटची जोडी.

उत्तरेश्वरनं पुन्हा माप घेतलं. स्क्रीनवरची रेष गुळगुळीत. "काही नाहीये. भास."

"भास तुझ्या लॅपटॉपला होत असतील!"

चार दुपारी तो श्वास येत राहिला. त्याहून भयंकर म्हणजे – ती हसली की थांबायचा. केस सोडले की थांबायचा. ते तिला बघत होतं!

पाचव्या दिवशी तिनं रिव्ह्यूमध्ये तसंच लिहिलं.

"खोड ते. ताई रकाना बंद करतील."

"ऐकलंय ते खोडणार नाही. तू बाहेर जा, मी एकटी ऐकते."

दार लागलं. गाणं संपलं. डावीकडे काहीच नाही... नुसती शांतता, विहिरीसारखी. तो परत येऊन बसला – आणि श्वास आला!

उत्कर्षा उठली. तळहात तिनं त्याच्या ओठांसमोर धरला. तिकडे स्पीकरमधला श्वास थांबला.

त्याच्या हनुवटीपाशी मापाचा माइक उभा होता. माइक आणि स्पीकर जोडणाऱ्या खालच्या डबीवर लाल दिवा.

"हे चालू आहे?"

"बापरे... माझाच श्वास डाव्या स्पीकरला जातोय. पाच दिवस!"

"मग तुझ्या रेषेत का नाही दिसला?"

"माप घेताना आम्ही श्वास रोखतो. खुट्ट झालं तरी रेष बिघडते."

"आणि मी हसते तेव्हा?"

स्पीकरमधला श्वास पुन्हा थांबला.

"तेव्हा मी रोखत नाही... आपोआप थांबतो."

त्यानं माइकची वायर उपटली आणि स्वतःच्या रकान्यात टाइप केलं – 'कान बरोबर होते. चूक मापणाऱ्याची.' मग खुर्ची ओढून तो तिच्या डाव्या बाजूला बसला.

गाणं संपलं. वायर जमिनीवर पडलेली. तरी डावीकडून श्वास आलाच... अगदी कानाशी.

उत्कर्षा मुद्दाम हसली.

थांबला!