मधल्या बोटीवरचा डबा

नशफाचा एक पाय पहिल्या बोटीवर होता, दुसरा मधल्या बोटीवर, आणि दोन्ही बोटी एकमेकींपासून हळूहळू दूर सरकत होत्या.

"डबा द्या," समोरून कुणीतरी म्हणालं. "आधी डबा, मग तुम्ही."

पुढे आलेला हात ग्रीसने काळा झालेला होता.

"हात पुसा आधी."

"पुसेपर्यंत तुम्ही पाण्यात असाल."

तिने थर्मोकोलचा पांढरा डबा दिला, मग स्वतःचा हात दिला. क्षणात ती मधल्या बोटीवर होती आणि तिच्या मनगटावर पाच काळे ठसे होते.

मालदीवच्या राजधानीत, मालेच्या उत्तर बंदरात धक्का तोकडा आणि बोटी फार. म्हणून त्या एकीला एक खेटून बांधतात, आणि तुमची बोट बाहेरच्या अंगाला असली तर मधल्या बोटी ओलांडत जायचं. नशफाची बोट तिसरी होती. दक्षिणेला जाणारी, रात्रभराच्या वाटेची.

मागे सकीनामावशी पहिल्याच बोटीवर अडून बसली होती. "मी नाही येत. मला इथंच पुरा."

"मावशी, मालेत जागा महाग आहे," तो काळ्या हाताचा पोरगा म्हणाला. "पुरणंसुद्धा परवडायचं नाही. या."

मावशी हसली, आणि हसता हसताच दोघांनी तिला पलीकडे नेलं. तिसऱ्या बोटीवर बूड टेकताच तिला आठवलं की विड्याची पानं राहिली. पान नसेल तर रात्रभर उलट्या होतील, आणि त्या कुणाच्या अंगावर होतील हेही तिने सांगितलं. बोट असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर सुटणार होती. नशफा धावत परत निघाली.

तोही निघाला होता. त्याला पंपाचा पट्टा आणायचा होता. नाव राइफ, मधल्या बोटीचा इंजिन मिस्त्री. चालता चालता त्याने तिचंही नाव विचारून घेतलं.

"माले आवडली का?" त्याने विचारलं.

"नाही. श्वास घ्यायला जागा नाही."

"म्हणून तर आम्ही कमी बोलतो."

"तुम्ही? कमी?"

तो कोपऱ्यावर वळला. वळताना त्याने मागे पाहिलं. हे नशफाला कळलं, कारण तिनेही पाहिलं होतं...

पानं घेऊन ती धक्क्यावर आली तेव्हा तिची बोट पहिल्या बोटीला खेटून उभी होती. मधली बोट नव्हती.

"मावशी, डबा?"

"तुझ्याकडे ना? तूच तर धरला होतास."

डब्यात नशफाच्या आईचं इन्सुलिन होतं. बेटावरच्या दुकानातलं संपलं होतं, घरातली शेवटची बाटली तळाला गेली होती. मालेत दुकानं पालथी घालून तिने एवढंच मिळवलं होतं. बर्फाच्या पिशव्या तळाशी, वर जुन्या कापडाची घडी, त्यावर बाटल्या. बर्फाला चिकटलं तर गोठून वाया जातं, तापलं तरी वाया जातं.

"माझी बोट कुठाय?" शेजारी राइफ उभा होता, हातात पट्टा.

"माझा डबा कुठाय?"

त्याचा चेहरा उतरला. "इंजिनच्या झाकणावर ठेवला होता. सावली होती तिथे."

"आणि इंजिन चालू झाल्यावर?"

"झाकणाचा तवा होतो," तो हळूच म्हणाला.

बोट शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बंदरात सिमेंट भरायला गेली असणार. त्याचा मामा वहीदबे बोटीचा कप्तान. इंजिन चालू असलं की त्याला फोन ऐकू येत नसे. दुसरं इन्सुलिन शोधावं तर नमाजसाठी दुकानांची दारं ओढली जात होती.

"मागे बसा," राइफ धक्क्यावर लावलेली आपली मोटारसायकल सुरू करत म्हणाला. "धरा."

"कशाला?"

"मला. नाही तर सीटला. मला चालेल... म्हणजे, कशालाही धरलं तरी चालेल."

तिने सीटला धरलं. पहिल्याच वळणावर तिचे हात त्याच्या शर्टाकडे गेले.

गल्ली एका गाडीएवढी रुंद, आणि त्यात दोन गाड्या समोरासमोर. राइफने हॉर्न दाबून धरला. कुणीतरी खिडकीतून शिवी दिली, त्याने अदबीने मान हलवली. वरून सर आली, तिरपी आणि जाड. पाण्याबरोबर त्याच्या शर्टाचा डिझेलचा वास तिच्या नाकात शिरला. आत्ता असं काही जाणवायला नको होतं.

"तुम्हीच म्हणालात, डबा द्या," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"हातातून पडला असता."

"पडला असता तर तरंगला असता. थंडही राहिला असता."

"खरंय," तो म्हणाला. "मला हे सुचलं नाही."

चूक एवढ्या सरळ मान्य करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला कळेना. तिने शर्ट जरा घट्ट धरला.

बोट दिसली. नशफा धक्क्यावरून थेट उडी मारून आत गेली. इंजिनच्या झाकणावर हात ठेवला आणि झटकन काढला. झाकण तापलं होतं. वर डबा नव्हता.

"ए पोरी, मोठा चटका बसला का?" वहीदबे सुकाणूपाशी बसून चहा पीत होता. "पांढरा डबा ना? गरम जागी कशाला कोण डबा ठेवतं, म्हणून टाकला खाली. माशांच्या बर्फात."

बर्फात. नशफाने डबा ओढून काढला. तिने एक बाटली उजेडात धरून तिरकी केली. आतलं औषध कडेकडेने सरकलं, स्वच्छ. दुसरी. तिसरी. सगळ्या.

"गोठलं नाही," ती म्हणाली. "थर्मोकोलने बर्फालाही आत येऊ दिलं नाही."

शेजारी कुणीतरी मोठा श्वास सोडला. एवढा वेळ राइफने तो धरून ठेवला होता.

तेवढ्यात फोन वाजला. मावशी रडत होती. मूसाबेने, म्हणजे त्यांच्या कप्तानाने, दोर सोडले होते. उजेडातच प्रवाळांमधून बाहेर पडायचं होतं, तो कुणासाठी थांबत नव्हता. पुढची बोट आठवड्याने.

राइफने एकदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मामा, दोर सोड."

"आणि सिमेंट?"

"आल्यावर भरू."

"तोवर धक्क्यावर भिजून दगड होईल त्याचा."

"मामा."

वहीदबेने भाच्याकडे पाहिलं, मग भिजलेल्या मुलीकडे, आणि चहा समुद्रात ओतला.

शहराच्या दक्षिणेची खाडी खोल, तिथे लाट मोठी. मूसाबेची बोट पश्चिमेच्या कडेने येत होती. वहीदबेने आपली बोट तिच्या बगलेला नेली. दोन्ही बोटी वर जात, खाली येत, पण एकाच वेळी नाही.

आधी डबा गेला. या हातातून त्या हातात, मग मावशीच्या मांडीवर. मावशीने तो तान्ह्या मुलासारखा कवटाळला.

"आता पोरगी," मूसाबे ओरडला. "लवकर."

नशफा काठावर उभी राहिली. राइफने तिचा हात धरला होता. "लाटा गटाने येतात," तो म्हणाला. "मोठ्या येऊन गेल्या की जरा सपाट होतं. तेव्हा उडी. मी सांगतो."

"मोजतोस?"

"मोजतोय."

पाणी सपाट झालं. दोन्ही काठ एका पातळीत आले. तो काहीच बोलला नाही. काठ पुन्हा वर-खाली झाले.

"झोपलास काय रे?" मूसाबे गरजला.

"सांगितलं नाहीस," नशफा म्हणाली.

"हो... मोजायचं राहिलं."

"आता?"

"आता सांगतो." त्याची बोटं अजून तिच्या बोटांत होती. "नशफा, मला..."

"पाण्याकडे बघ."

"बघतोय." पाणी पुन्हा सपाट होत आलं. "आत्ता," तो म्हणाला, आणि हात सोडला.

ती पलीकडे पडली, गुडघ्यांवर. मावशीने तिला ओढून घेतलं. उठून वळेपर्यंत मधे पाण्याचा रुंद पट्टा झाला होता. त्याची बोट उत्तरेच्या बेटांची. दक्षिणेला ती कधीच येत नसे. राइफ काठावर तसाच उभा होता. हात अजून पुढे होता, ते त्याच्या लक्षात आलं नसावं.

मग त्याने दोन्ही तळवे तोंडाभोवती धरले.

"मूसाबे, तुमच्या बोटीवर मिस्त्री आहे का?"

"आहे की. का?"

"कसा आहे?"

मूसाबे उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच नशफा पुढे झाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, कान तापले.

"वाईट," ती सगळा जोर लावून ओरडली. "फार वाईट. येताना सबंध वाटभर इंजिन खोकत होतं."

पायाखालचं इंजिन एका लयीत, नितळ चाललं होतं. बोटीचा म्हातारा मिस्त्री आदमबे तिच्या शेजारीच दोरांच्या वेटोळ्यावर बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. पाण्यापलीकडच्या पोराकडे पाहिलं. मग तो सावकाश उठला, इंजिनच्या खोलीत उतरला, आणि बोटीने जोरात, दोनदा, खोकून दाखवलं.